वतनाची वेठ आता मोबाईलवर!

पोलादपूर तालुक्यातील कापडे घ्या की महाड तालुक्यातील एखादी वाडी, आज कामाचा हुकूम कागदावर येत नाही. तो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येतो. रात्री अकराला संदेश पडतो, 'सकाळी दहापर्यंत माहिती पाठवा.' आशा, अंगणवाडी सेविका, शिक्षक, ग्रामपंचायतीचा कर्मचारी सारेच त्या ग्रुपमध्ये. उत्तर दिले नाही तर सर्वांसमक्ष जाब विचारला जातो.

आम्ही यंत्राचे विरोधक नाही. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळीयेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. अशा मुलखात वेळेवर पोहोचलेला एक संदेश जीव वाचवू शकतो. पण संकटाची हाक वेगळी आणि रोजच्या तक्त्यांसाठी मध्यरात्री केलेला पुकारा वेगळा.

हा पुकारा आमच्या समाजाला नवा नाही. सरकारी सांगावा गावोगाव पोहोचवणे हे महार वतनदाराचे काम होते. त्याला रात्री-अपरात्री केव्हाही बोलवावे, तो नसेल तर घरच्या माणसाला धरावे, आणि मोबदला काय, तर तुटपुंजी जमीन व बलुते! ही गुलामगिरी मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. पुढे व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीमुळे 1946 साली बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. कामगाराचा उरलेला वेळ त्याचा स्वतःचा, हे तत्त्व त्यामागे होते.

आज आशांना 'स्वयंसेविका' म्हणतात, अंगणवाडी सेविकांना 'मानधनी'. पगार नाही म्हणून कामाचे तास नाहीत, आणि तास नाहीत म्हणून रात्रही त्यांची नाही. वतनाची रीत याहून निराळी काय होती?

भगिनी मात्र गप्प बसलेल्या नाहीत. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट सरकारी मोबाईल परत केले. इंग्रजीतले अ‍ॅप त्यांच्या माथी मारले होते, त्याचाही हा निषेध होता. फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेनंतर संदेशापासून मोकळे राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. हुकूम लेखी द्या. ग्रुपवरील कामाची वेळ ठरवा. आपत्तीसाठी वेगळा ग्रुप ठेवा. रिचार्जचा खर्च सरकारने भरावा. ग्रुपवर कोणाचाही पाणउतारा होऊ नये. संघटनांनीही असे संदेश पुरावा म्हणून जपून ठेवावेत.

1927 साली याच महाडात आपण माणूस म्हणून पाण्याचा हक्क बजावला. त्याच मातीतल्या कष्टकरी भगिनींना आपल्या रात्रीचा हक्क मागावा लागतो आहे. चळवळीने त्यांच्या पाठीशी उभे राहिलेच पाहिजे!