डोंगराच्या उदरातील महापरिनिर्वाण

सोनईहून घोडेगावला येऊन नगर–छत्रपती संभाजीनगर हमरस्ता धरला, की नेवासे तालुक्याचा उसाचा मुलूख हळूहळू मागे पडतो आणि प्रवरासंगमापाशी गोदावरी ओलांडताच, जेथे एके काळी इंग्रजी अंमल संपून निजामाची सरहद्द लागे, त्या मराठवाड्यात आपला प्रवेश होतो. संभाजीनगरापासून अजिंठा सुमारे 100 किलोमीटर. घाट उतरल्यावर फर्दापूरच्या तिठ्यावर खासगी वाहन ठेवावे लागते. पुढचे 4 किलोमीटर बसने आणि शेवटचा चढ पायऱ्यांनी.

हाँगकाँगच्या लांताऊ बेटावर 1993 साली डोंगरमाथ्यावर 34 मीटर उंचीचा कांस्यबुद्ध प्रतिष्ठापित झाला. याउलट अजिंठ्याच्या शिल्पींनी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात मूर्ती डोंगरावर चढविली नाही. ते स्वतःच डोंगरात शिरले. त्यांची कार्यपद्धती समजून घ्यावयाची असेल तर 24 क्रमांकाच्या अपूर्ण लेण्यात अवश्य थांबावे. छतापासून खाली कोरीत येण्याचा त्यांचा क्रम तेथे अर्धवट सुटलेल्या खांबांत स्पष्ट दिसतो. एकदा निघालेला पाषाण पुन्हा बसविता येत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या संयमाची थोरवी कळते.

पुढे 26 क्रमांकाच्या चैत्यगृहात डाव्या भिंतीला, शालवृक्षांच्या मध्ये, उजव्या कुशीवर पहुडलेली तथागतांची 7 मीटरहून दीर्घ मूर्ती आहे. मंचकाखाली शोकाकुल शिष्य, वर हर्षित देवगण, आणि या दोहोंच्या मधोमध ते निर्विकार मुख: मृत्यूचे इतके प्रशांत चित्रण मला अन्यत्र आढळले नाही. हे लेणे भिक्षू बुद्धभद्राने अश्मक देशाचा अमात्य भव्विराज या आपल्या स्नेह्याच्या स्मरणार्थ कोरविले. स्मृती टिकते तोवर माणूस स्वर्गात सुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेतो टिकेल असे स्मारक पर्वतात उभारावे, असा आशय त्याच्या शिलालेखात आहे. मैत्रीचे याहून उदात्त दप्तर महाराष्ट्राच्या पाषाणात क्वचितच सापडेल.

निजाम सरकारने 1914 साली पुराणवस्तू खाते स्थापून या लेण्यांच्या रक्षणाचा बंदोबस्त केला, आणि 1983 साली त्यांना जागतिक वारशाचा दर्जा लाभला. पहिल्या दोन लेण्यांतील चित्रे पाहून पुष्कळ मंडळी थकून परततात. आपल्या भागातून जाणाऱ्यांनी तसे करू नये. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळून सकाळीच पोचावे आणि 26 व्या लेण्यासाठी पायांत बळ राखून ठेवावे.