म्हैसूरच्या घरातली आकाशवाणी

10 सप्टेंबर 1935. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी ‘विठ्ठल विहार’ या आपल्या राहत्या घरात 30 वॅटचं प्रक्षेपण यंत्र सुरू केलं. पदरच्या पैशाने. कवी कुवेंपूंचं काव्यवाचन त्या घरातून शहरभर ऐकू गेलं. केंद्राचं नाव ठेवलं ‘आकाशवाणी’. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या बातम्यांआधी कानावर पडलेला हा शब्द रेडिओला लागला, तो इथे. पुढे एकट्याच्या खिशाला खर्च झेपेना आणि 1942मध्ये म्हैसूर संस्थानाने केंद्र ताब्यात घेतलं.

आज अशा प्राध्यापकाला परवाना मिळणार नाही. खासगी एफएमसाठी कंपनी लागते आणि वाहिनी लिलावात जिंकावी लागते. एका कंपनीने किती वाहिन्या घ्याव्यात, यावर मात्र बंधन होतं: देशभरातल्या एकूण वाहिन्यांपैकी फार तर 15 टक्के. ऑक्टोबर 2022मध्ये केंद्र सरकारने ही मर्यादा काढून टाकली. त्याच निर्णयात सी आणि डी वर्गांतल्या, म्हणजे साधारण 10 लाखांपर्यंत वस्तीच्या शहरांसाठी बोली लावणाऱ्या कंपनीच्या मालमत्तेची अट दीड कोटीवरून एक कोटीवर आणली.

दुसरी सवलत चांगलीच आहे. छोट्या गावातला नवा माणूस त्यामुळे आत येऊ शकतो. पहिलीचं तसं नाही. रेडिओवाल्यांचं म्हणणं असं की जाहिराती आटल्या, परवाना शुल्क भरता भरता नाकी नऊ येतात, केंद्रं जास्त असली तर खर्च वाटला जातो. हे खोटं नाही. पण खर्च वाटला जातो तो कसा? एकाच स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला कार्यक्रम दहा शहरांत लावून. मग म्हैसूरच्या देवराज मार्केटमधल्या फूलवाल्याला आपल्या शहराचं काय ऐकू येणार?

एका शहरात एका कंपनीकडे 40 टक्क्यांहून जास्त वाहिन्या नकोत आणि किमान तीन वेगळे चालक हवेत, हा नियम शाबूत आहे. तेवढाच आधार. पण तो फक्त रेडिओपुरता. वर्तमानपत्र, वृत्तवाहिनी आणि एफएम एकाच घराण्याकडे असलं तर काय? दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने 2009मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट 2014मध्ये यावर शिफारशी केल्या. वर्तमानपत्र आणि दूरचित्रवाणी या दोन्हींत एकाच मालकाचा किती वाटा चालेल, हे भाषेनिहाय बाजार धरून मोजावं आणि राजकीय पक्षांना प्रसारणात मालकी नको, असं त्यात होतं. त्याचा कायदा झाला नाही.

फेब्रुवारी 1995मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. मालमत्ता सगळ्यांची असेल, तर ती किती हातांत द्यायची हे ठरवताना ऐकणाऱ्यालाही विचारलं पाहिजे.

हा प्रश्न आता तातडीचा झाला आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. सप्टेंबर 2023मध्ये ‘ट्राय’ने शिफारस केली, की त्यांना तासाला 10 मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात. ती मान्य झाली, तर गाणी लावणारा मालक बातम्याही निवडू लागेल. तोवर म्हैसूरकराला रेडिओवर बातम्या ऐकायच्या, तर 93.5 या खासगी वाहिनीवरची गाणी सोडून काटा 100.6 वर न्यावा लागतो, यादवगिरीतल्या आकाशवाणी केंद्राकडे.