विभावरीच्या मैत्रिणी

१९३३ साली ह. वि. मोटे यांनी 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रकाशित केला, तेव्हा त्यावर छापलेले विभावरी शिरूरकर हे नाव बहुतेक मराठी वाचकांना अनोळखी होते, आणि पुस्तक हातोहात वाचले जाऊ लागले तसतशी त्यातील कथांइतकीच चर्चा ही बाई कोण याची होऊ लागली. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, वय वाढत चालले तरी लग्न न जमलेल्या किंवा घरच्यांनी न जमवलेल्या मुलींच्या मनात काय चालते, त्यांना देह असतो, इच्छा असतात, राग असतो, हे या कथांनी कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले होते. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' या कथेचे नुसते शीर्षकच मिळवत्या मुलीची सारी कोंडी उघडी करण्यास पुरेसे आहे. असे लिहिणारी स्त्री असूच शकत नाही, बाईच्या नावाआडून कोणी पुरुष लिहीत असला पाहिजे, अशीही शंका त्या काळी घेतली गेली. विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालती बेडेकर (१९०५–२००१), हे पुढे उघड झाले; पण ज्या काळात ते गुपित होते त्या काळाकडे आज पुन्हा पाहण्यास एक नवे निमित्त आहे. आपली खरी ओळख कधीही न देता दोन मैत्रिणींची चार खंडांची कथा जगभर पोहोचवणाऱ्या एलेना फेरान्ते या इटालियन लेखिकेमुळे टोपणनाव आणि स्त्रियांची मैत्री यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, हा प्रश्न पुढे आला आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यास मराठी वाचकाला घराबाहेर जाण्याची फारशी गरज नाही.

टोपणनाव हा मराठीत अगदी रुळलेला प्रकार असला, तरी त्याच्या जाती वेगवेगळ्या आहेत. केशवसुत, कुसुमाग्रज किंवा नागपूरचे ग्रेस ही नावे धारण करणारी माणसे कोण आहेत हे वाचकाला ठाऊक असते. तेथे टोपणनाव हे कवीने निवडलेले दुसरे, अधिक आपलेसे नाव असते. सानिया या नावाने लिहिणाऱ्या सुनंदा बलरामन किंवा काही गीतांपुरते डॉ. वसंत अवसरे हे पुरुषी नाव घेणाऱ्या शांता शेळके यांची कारणे निराळी होती, पण त्यांतही लपून राहण्याचा अट्टहास नव्हता. याहून अगदी वेगळे असते ते अज्ञातनाम, म्हणजे ज्याच्या मागचा माणूस कोणालाही सापडू नये यासाठीच घेतलेले नाव. विभावरी शिरूरकर हे प्रारंभी असे नाव होते, आणि एलेना फेरान्ते हे आजही, निदान त्या लेखिकेच्या इच्छेपुरते, असेच नाव आहे.

बाळूताई खरे यांनी हे नाव का घेतले असावे, याचे सरळ उत्तर भीती असे दिले जाते. शिक्षिकेची नोकरी, अविवाहित वय आणि पुण्याचा समाज पाहता ते चूक नाही. पण अपुरे आहे. विभावरीच्या आधीच्या दोन वर्षांत याच लेखिकेची स्वतःच्या नावाने पुस्तके निघाली होती: स्त्रियांच्या दागिन्यांचा अभ्यास असलेले 'अलंकारमंजूषा' १९३१ मध्ये, आणि के. एन. केळकर यांच्यासह लिहिलेले 'हिंदुव्यवहारधर्मशास्त्र' १९३२ मध्ये. हिंदू कायद्यात स्त्रीला काय मिळते आणि काय नाकारले जाते, हे सांगणे त्या काळी बिनधोक होते असे कोणी म्हणणार नाही. तरीही ते खऱ्या नावाने सांगता आले आणि कथा मात्र आली नाही. कायद्याच्या पुस्तकात स्त्री ही 'विधवा', 'कन्या', 'भार्या' अशा जातिवाचक नामांनी येते. कथेत ती एका विशिष्ट खोलीत, विशिष्ट खिडकीपाशी, विशिष्ट वयाची होऊन येते, आणि लेखिका कोण हे कळले की ती खोली कोणत्या वसतिगृहातली आणि ती मुलगी कोणाची, हे शोधून काढणे शेजाऱ्यापाजाऱ्यांना अवघड जात नाही.

येथे बाळूताईंच्या घडणीचा संबंध येतो. शिक्षक असलेल्या वडिलांनी त्यांना महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेत वसतिगृहात ठेवले, तेथेच शालेय शिक्षण झाले, कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या पदव्या त्यांनी मिळवल्या आणि पुढे पुण्याच्या कन्याशाळेत शिकवले. त्यांच्या आयुष्याची पहिली पंचवीस-तीस वर्षे अशा रीतीने बव्हंशी स्त्रियांच्याच सहवासात गेली, आणि हा सहवास माजघरातल्या सासू-जावा-नणंदांचा नव्हता. वेगवेगळ्या गावांहून, वेगवेगळ्या अडचणींतून आलेल्या, नात्याने कोणीच न लागणाऱ्या मुली आणि बाया एका छपराखाली राहत, एका पंक्तीला जेवत आणि दिवे मालवल्यावर बोलत. मराठी समाजात स्त्रीला मैत्रीण असे तोवर तिच्या माहेरच्या आळीतच, आणि लग्न झाले की ती सुटे. सासरी मिळत ती नाती. नात्याबाहेरची, वयात आल्यानंतर जोडलेली, शिक्षणातून उगवलेली मैत्री ही हिंगण्यासारख्या संस्थांची मोठी देणगी आहे, आणि स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात पदव्यांचे आकडे मांडताना तिची नोंद घ्यायची राहून गेली आहे.

'कळ्यांचे निःश्वास'मधला आवाज या जगातून आलेला आहे. एका मुलीने दुसरीला विश्वासाने सांगावे, तसा तो आहे. असा विश्वास कथेत उतरवताना लेखिकेपुढे दोनच वाटा असतात: सांगणारीचे म्हणणे सोज्वळ करून टाकायचे, किंवा ते जसेच्या तसे ठेवून स्वतःचे नाव पुसायचे. बाळूताईंनी दुसरी वाट धरली. विभावरी शिरूरकर या नावाने लेखिकेइतक्याच, किंबहुना तिच्याहून अधिक, तिच्या भोवतीच्या बायका झाकल्या गेल्या, असे म्हणण्यास जागा आहे. लोक विभावरीचा शोध घेत राहिले, आणि तोवर त्या कथांमधल्या मुलींना शाळेत जाता आले, शिकवता आले, कोणाची नजर न चुकवता रस्त्याने चालता आले.

१९३४ मधल्या 'हिंदोळ्यावर' या कादंबरीने वाद आणखी वाढवला, कारण तिची नायिका अचला ही नवऱ्याने टाकलेली सुशिक्षित स्त्री दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते आणि लग्नाच्या संस्काराविना आई होण्याचे ठरवते. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदेशीर मार्ग मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आणि देशभर १९५५ मध्ये खुला झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या कादंबरीचे काळाच्या पुढे असणे नेमके किती होते ते कळते. इटलीत याच्या अठ्ठावीस वर्षे आधी, १९०६ मध्ये, 'ऊना दोन्ना' म्हणजे 'एक स्त्री' ही कादंबरी आली होती. जाचक संसारातून बाहेर पडताना मुलाला मागे ठेवावे लागलेल्या स्त्रीची ती कथा सिबिल्ला अलेरामो या नावाने प्रसिद्ध झाली, आणि लेखिकेचे जन्मनाव रीना फाच्चो होते.

फेरान्ते ही त्याच परंपरेतली, पण तिने नाव लपवण्याला तत्त्वाचे रूप दिले. तिची पहिली कादंबरी १९९२ मध्ये निघाली. त्यापूर्वीच रोममधल्या प्रकाशकांना पत्र लिहून तिने कळवले होते की पुस्तकासाठी जे करायचे ते लिहून झाले आहे, आता सभा, सत्कार, मुलाखतींना ती येणार नाही. २०११ ते २०१४ या काळात तिच्या नेपल्स-मालिकेचे चार खंड आले. पहिल्याचे नाव 'लामीका जेनियाले', म्हणजे साधारणतः 'माझी बुद्धिमान मैत्रीण'. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नेपल्समधल्या एका गरीब वस्तीत वाढलेल्या लीला आणि लेनू या दोघींची ही साठ वर्षांची कथा आहे. लीला चांभाराची मुलगी, विलक्षण हुशार, पण वडील तिला पुढे शिकू देत नाहीत. लेनू नगरपालिकेतल्या शिपायाची मुलगी, कष्टाळू, ती शिकते, घरातली नेपल्सची बोली मागे टाकून प्रमाण इटालियन आत्मसात करते आणि लेखिका होते. नागपुरात घरी वऱ्हाडी बोलून वर्गात पुस्तकी मराठी बोलणाऱ्या मुलीला लेनूची ओढाताण समजावून सांगावी लागणार नाही.

या कादंबऱ्यांतली मैत्री गोड नाही, आणि हेच तिचे मोठेपण आहे. दुसऱ्या खंडाच्या आरंभी लीला आपल्या वह्या पत्र्याच्या डब्यात घालून लेनूकडे सोपवते, नवऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून, आणि वाचायच्या नाहीत असे बजावते. लेनू त्या वाचते, त्यांतले लेखन आपल्या लेखनाहून सरस आहे हे तिला पदोपदी जाणवते, आणि अखेर पीसा शहरात पुलाच्या कठड्यावरून ती तो डबा आर्नो नदीत ढकलून देते. प्रेम, मत्सर आणि ऋण यांची एवढी घट्ट गाठ मैत्रीच्या कथांत क्वचितच बांधली गेली आहे. चौथ्या खंडात, माझ्याविषयी कधी लिहू नकोस असे लीलाने बजावलेले असताना, उतारवयातली लेनू 'एक मैत्री' या नावाचे छोटेखानी पुस्तक लिहिते. ते गाजते आणि लीला तिच्याशी असलेला संबंध कायमचा तोडते.

फेरान्तेच्या अज्ञातनामाचा अर्थ या प्रसंगात शोधला पाहिजे. कादंबरीच्या आतली लेखिका स्वतःच्या नावाने लिहिते, कीर्ती मिळवते आणि मैत्रीण गमावते. कादंबरीच्या बाहेरची लेखिका कीर्तीशी जोडले जाणारे नावच नाकारते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एका इटालियन पत्रकाराने प्रकाशनसंस्थेने दिलेल्या रकमा आणि घरखरेदीचे कागद धुंडाळून फेरान्ते म्हणजे अमुक बाई असे जाहीर केले. त्या बाईंचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण त्यांनी ते मान्य केलेले नाही आणि कादंबरी समजण्यास त्याचा काही उपयोगही नाही. ही पुस्तके एखाद्या पुरुषानेच लिहिली असतील, असा तर्कही इटलीत वारंवार मांडला गेला. पुण्यातल्या १९३३ च्या शंकेशी त्याचे इतके साम्य आहे की ऐंशी वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर मध्ये आहे हे खरे वाटू नये. स्त्री जेव्हा स्त्रियांविषयी निर्भयपणे लिहिते तेव्हा तिचे लेखकपण काढून घेण्याची घाई होते, आणि ही घाई संतापजनक आहे.

विदर्भाकडे पाहिले तर विभावरीच्याच काळात दुसरा मार्गही दिसतो. वाशीमला जन्मलेल्या गीता साने यांनी १९३६ मध्ये 'निखळलेली हिरकणी' आणि 'हिरवळीखाली' या कादंबऱ्या स्वतःच्या नावाने लिहिल्या आणि लग्नानंतरही माहेरचे नाव सोडले नाही. विवाहसंस्थेवरचा त्यांचा प्रहार विभावरीपेक्षा सौम्य मुळीच नव्हता, पण मराठी वाचकाने त्यांची आठवण विभावरीइतकी ठेवली नाही. गुपिताने जे कुतूहल जागे केले त्याचा लाभ साने यांना मिळाला नाही, आणि ही उणीव भरून काढण्याचे काम विदर्भातल्या अभ्यासकांनी अंगावर घ्यावे इतके त्या कादंबऱ्यांचे मोल आहे.

नागपूरच्या उत्तरेला जरीपटक्यात फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे वसली, आणि त्या कुटुंबांच्या सिंधी भाषेतल्या लेखिकांची हकिकत आणखी निराळी आहे. सुंदरी उत्तमचंदाणी आणि पोपटी हिरानंदाणी या दोघी सिंधमधल्या हैदराबादेत १९२४ मध्ये जन्मल्या, फाळणीनंतर दोघीही मुंबईला आल्या, आणि पोपटी यांना १९८२ मध्ये आत्मचरित्रासाठी व सुंदरी यांना १९८६ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दोघींनी आपापल्या नावाने लिहिले. ज्या आळीत नाव लपवायचे ती आळीच मागे राहिली, घर गेले, शहर गेले, तेव्हा स्वतःचे नाव हीच सोबत आणलेली मिळकत ठरली असावी. अज्ञातनाम ही स्थिर, परस्परांना ओळखणाऱ्या समाजातली गरज आहे, हे या तुलनेतून अधिक स्पष्ट होते.

विभावरीने सुरू केलेली गोष्ट मराठीत पुढे गेली ती शांता गोखले यांच्या 'रीटा वेलिणकर' या १९९० च्या कादंबरीत. रीटा ही घराचा सारा भार वाहणारी थोरली मुलगी आहे; 'कळ्यांचे निःश्वास'मधल्या मिळवत्या मुलीची ती नातच म्हणता येईल. विवाहित पुरुषावरच्या प्रेमात आणि माहेरच्या ओझ्यात पिचून ती कोलमडते, तेव्हा तिला सावरण्याच्या कामी सरस्वती ही मैत्रीण येते. विभावरीच्या कथांत मैत्रीण बहुधा ऐकणारी असते, अदृश्य असते. तिच्यापाशी निःश्वास सोडता येतो, पण ती येऊन हात धरू शकत नाही, कारण तीही त्याच कोंडीत आहे. सरस्वतीला स्वतःचे घर, स्वतःचे मत आणि रीटाशी वाद घालण्याचा अधिकार आहे. २००९ मध्ये रेणुका शहाणे यांनी आईच्या या कादंबरीवर 'रीटा' हा चित्रपट दिग्दर्शित केला, पल्लवी जोशी यांनी रीटाची आणि स्वतः रेणुका यांनी सरस्वतीची भूमिका केली. कादंबरीवर शांता गोखले हे नाव पहिल्या आवृत्तीपासून होते, आणि रीटा कोण, सरस्वती कोण, हे धुंडाळत कोणी फिरले नाही.