एक भोंगा, एक माग आणि होमर

सोलापुरात एके काळी घरात घड्याळ नसलं तरी अडायचं नाही. 1877 सालची जुनी मिल, नंतर लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी... भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की डबा भरायचा. या भोंग्याचं इंग्रजी नाव सायरन. आणि मूळच्या सायरन कोण? होमरच्या ‘ओडिसी’तल्या गाणाऱ्या मायाविनी! त्यांचं गाणं कानी पडलं की खलाशी सगळं विसरून तिकडे वळायचे आणि तिथेच संपायचे. 1819 साली कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं आवाज काढणारं एक यंत्र केलं. ते पाण्याखालीही वाजायचं, म्हणून त्यानं त्याला या समुद्रकन्यांचं नाव देऊन टाकलं. म्हणजे होमरच्या सायरननं माणसं कामधाम विसरायची आणि आमच्या सायरननं धावत कामावर जायची.

स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यासिकेत बसून इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकतात. रोजचे वीस शब्द, आठवड्यानं त्यातले तीन शिल्लक. त्यांच्यापुढे ‘ओडिसी’ ठेवली तर ‘काय बे, ग्रीक कशाला?’ असंच विचारतील. उत्तर सोपं आहे: यादीतला शब्द एकटा येतो, गोष्टीतला शब्द माणूस घेऊन येतो.

नवरा-बायको, एकच हिस्टोस

सोलापूरकरानं तर ‘ओडिसी’चा नायक ओडिसियस याच्या बायकोला, पेनेलोपीला आपल्यातलीच मानावं. नवरा वीस वर्षं घराबाहेर, दारात लग्नासाठी हटून बसलेले शंभरावर उमेदवार. ती म्हणाली, सासऱ्यासाठी कफन विणते, ते झालं की बघू. दिवसभर विणायची आणि रात्री दिव्याच्या उजेडात उसवायची. तीन वर्षं हे खपलं, चौथ्या वर्षी एका दासीनं चहाडी केली. (पूर्व भागातल्या कारखान्यात नगावर मजुरी असती तर पहिल्याच शनिवारी पितळ उघडं पडलं असतं.)

आता गंमत बघा. मागाला होमरचा शब्द आहे ‘हिस्टोस’, म्हणजे उभं केलेलं काहीतरी. त्या काळचा ग्रीक माग उभाच असायचा. ताणा वरून खाली लोंबायचा, खाली वजनं बांधलेली, आणि विणणारी बाई बाणा घालत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. पण जहाजाच्या डोलकाठीलाही होमर हिस्टोसच म्हणतो. सायरनचं गाणं ऐकायचं पण जीव गमवायचा नाही, म्हणून ओडिसियसनं सोबत्यांच्या कानात मेण भरलं आणि स्वतःला बांधून घेतलं, ते याच हिस्टोसला. म्हणजे तिकडे नवरा हिस्टोसला बांधलेला, इकडे बायको हिस्टोसला जुंपलेली.

पुढे या शब्दाला मागावरच्या विणीचा, कापडाचा अर्थ आला आणि शरीरातल्या पेशींची वीण तपासणाऱ्या शास्त्राचं नाव पडलं हिस्टॉलॉजी. डॉ. कोटणीसांच्या या गावात आज वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथली मुलं पहिल्याच वर्षी हिस्टॉलॉजीच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. चादरीचं सूत तपासणारे आजोबा आणि ऊतक तपासणारी नात, दोघंही मागाशीच बसलेले.

विणकामाच्या घरातले आणखी दोन: ‘टेक्स्ट’ आणि ‘टेक्स्टाइल’ ही लॅटिन ‘विणणे’ची जुळी लेकरं. आणि होमरची काव्यं म्हणून दाखवणाऱ्यांना म्हणत ‘ऱ्हॅप्सोड’, म्हणजे गाणी शिवणारा. ‘ऱ्हॅप्सडी’ तिथूनच आला.

नावाचं नशीब

मेंटॉर हा ओडिसियसचा म्हातारा दोस्त, घर सांभाळायला मागे ठेवलेला. त्यानं स्वतः फारसं काही केलं नाही. खरे सल्ले त्याचं रूप घेऊन अथेना देवी देते. फेनेलाँ या फ्रेंच लेखकानं 1699 च्या कादंबरीत त्याला मोठं केलं आणि आज प्रत्येक क्लासच्या फलकावर तो आहे.

होमरच्याच ‘इलियड’मधल्या स्टेंटॉरचा आवाज पन्नास माणसांइतका. म्हणून खणखणीत आवाज तो ‘स्टेंटोरियन’. मंगळवार बाजारात असे बरेच भेटतात.

खरा अन्याय हेक्टरवर झाला. ट्रॉयचा हा सरदार बायकोशी हळुवार बोलणारा, आपल्या शिरस्त्राणाला बाळ घाबरलं म्हणून ते काढून ठेवणारा. पण सतराव्या शतकात लंडनच्या गुंड टोळक्यांनी त्याचं नाव लावलं आणि ‘टू हेक्टर’ म्हणजे दमदाटी करणं ठरलं!

कमळ खाऊन घर विसरणाऱ्यांची गोष्टही ओडिसीतलीच, त्यावरून ‘लोटस ईटर’ म्हणजे सुखात लोळणारा ऐदी. कंबर तलावाकाठच्यांनी काळजी करू नये, ते झाड आपलं कमळ नव्हे. नव्या बेटावर उतरलं की ओडिसियस चौकशी करतो ती इथे भाकरी खाणारी माणसं राहतात का, याची. होमरच्या लेखी भाकरी खातो तो माणूस. कडक भाकरीच्या गावाला यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नको.

प्रश्नमंजूषेतला सापळाही सांगून ठेवतो: लाकडी घोडा ‘इलियड’मध्ये नाहीच, ते काव्य हेक्टरच्या अंत्यविधीवर संपतं. घोड्याची हकीकत ‘ओडिसी’त येते. आणि अकिलीसची दुबळी टाच दोन्हीत नाही.

आपल्याकडे आधीच पोचलेले

दाते पंचांग सोलापूरचं. त्यातला ‘होरा’ आणि इंग्रजी ‘अवर’ हे एकाच ग्रीक ‘होरा’चे वंशज. होमरकडे ऑलिंपसच्या दारावर पहारा देणाऱ्या देवींचं नाव होराय आहे. कुंडलीतलं ‘केंद्र’ आणि ‘सेंटर’ आले ‘केंट्रॉन’वरून. इलियडमधल्या रथांच्या शर्यतीत केंट्रॉन म्हणजे घोड्यांना टोचायची पराणी! पुढे तो कंपासचा टोचा झाला आणि टोचा रुततो तो बिंदू झाला केंद्र. गुराख्यांचा पावा म्हणजे ‘सिरिंक्स’. पोकळ नळीच ती, तेव्हा दवाखान्यातली ‘सिरिंज’ त्यावरूनच, आणि खडक फोडणारा आपला ‘सुरुंग’ही त्याच घरचा मानतात.

मग ‘ओडिसी’चं वाचायचं कुठलं भाषांतर? ई. व्ही. रियू यांचं गद्य, 1946 चं, पेंग्विन क्लासिक्स मालिकेतलं पहिलंवहिलं पुस्तक. हे रियू 1912 पासून काही वर्षं मुंबईत ऑक्सफर्ड प्रेसची शाखा चालवत होते. इंग्रजी सरळ, वाक्यं सुटसुटीत.

फक्त सुरुवात पहिल्या सर्गापासून करू नका. पहिले चार सर्ग ओडिसियस समोर येतच नाही, तो पाचव्यात भेटतो. थेट नववा उघडा: कमळ खाणारे तिथेच, एकडोळ्या राक्षसही तिथेच. शब्दकोश बंद ठेवा, पेन्सिल जवळ ठेवा.