भेकराची सहा गुणसूत्रे

ठाण्याहून घोडबंदर रोडने निघाले की डाव्या हाताला येऊरचे डोंगर लागतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या या रानात भेकर नावाचे लहानसे हरीण राहते. बिबळ्याची चाहूल लागली की ते कुत्र्यासारखे भुंकते. जीवशास्त्रज्ञांना मात्र त्याचे कौतुक आहे ते निराळ्याच कारणासाठी.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, कांद्याच्या १६. भेकराच्या मादीत मात्र अवघी ६ आणि नरात ७! डोरिस वुर्स्टर आणि कुर्ट बेनिर्श्के यांनी १९७० साली ही गणती प्रसिद्ध केली. सस्तन प्राण्यांत याहून कमी संख्या आढळलेली नाही. गंमत अशी, की भेकराच्या चीनमधील जवळच्या भाईबंदाला ४६ गुणसूत्रे आहेत. उत्क्रांतीच्या ओघात आपल्या भेकराची छोटी गुणसूत्रे टोकाला टोक जुळून लांबलचक झाली. माल बराचसा तोच, गाठोडी तेवढी थोडी आणि मोठी.

पेशीविभाजनात खरे महत्त्व आहे ते वाटणीला. विभाजनापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत तयार होते आणि दोन्ही प्रती एकमेकींना चिकटून राहतात. मग केंद्रकाचे आवरण नाहीसे होते आणि सूत कातायच्या चातीच्या आकाराचा तंतूंचा सांगाडा उभा राहतो. गुणसूत्रावर एका ठिकाणी प्रथिनांची पकड असते. एका ध्रुवाकडचे तंतू एका प्रतीची पकड गाठतात, दुसऱ्या ध्रुवाकडचे दुसरीची. दोन्हींकडून ताण बसला की गुणसूत्रे मधोमध रांगेत येतात. एखादे जरी सुटे राहिले, तरी पेशी थांबते. शेवटचे पकडीत आल्यावरच प्रती विलग होऊन आपापल्या ध्रुवाकडे खेचल्या जातात. इतकी सावधगिरी का? जननपेशी बनताना माणसाचे २१ क्रमांकाचे एक गुणसूत्र जास्त गेले, तर बाळाला डाऊन संलक्षण होते.

माणसाच्या पेशीत ही पकड फारच लहान असते. भेकरात ती चांगली मोठी, म्हणून संशोधक प्रयोगशाळेत मुद्दाम भेकराच्या पेशी वाढवतात.

गुणसूत्रे मोजायची तर विभाजन ऐन मध्यावर थांबवावे लागते. त्यासाठी कोल्चिसिन हे द्रव्य वापरतात. ते तंतूच बांधू देत नाही, त्यामुळे गुणसूत्रे ओढणारे कोणी उरत नाही. पावसाळ्यात कोकणात कुंपणांवर लाल-पिवळ्या फुलांची कळलावी दिसते ना? तिच्यातही हेच द्रव्य असते. तिचा कंद पोटात गेला, तर माणसाच्या पेशींचे विभाजनही असेच अडते आणि जीव जाऊ शकतो. तेव्हा फूल पाहावे ते लांबूनच.