चौथी काच

परवा खडेबाजारातल्या आमच्या दुकानात भाचीने बाबांचा जुना कॅल्क्युलेटर उचलला. वरच्या काळसर पट्टीवर बोट ठेवलं, तसे आकडे पुसट झाले. “मामा, यात बॅटरी नाही?”

“नाही, ती पट्टी म्हणजे सोलर सेल,” मी म्हणालो आणि मला माझा बीईचा प्रोजेक्ट आठवला.

अशा सेलमध्ये सिलिकॉनचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. आपला केसच त्याच्या पन्नासपट तरी जाड! माल कमी लागतो, पण बराचसा लाल प्रकाश वीज न करताच आरपार निघून जातो. छपरावर लावायच्या पातळ थराच्या सेलमध्ये त्याला अडवायचं काम काचेवरचा लेप करतो. हा लेप पारदर्शक हवा आणि त्यातून वीजही वाहायला हवी. झिंक ऑक्साइडमध्ये किंचित ॲल्युमिनियम मिसळलं की दोन्ही साधतं. मग हा लेप मुद्दाम खडबडीत करतात, म्हणजे प्रकाश तिरका होऊन सिलिकॉनमधून लांबचा रस्ता घेतो. जर्मनीतल्या युलिशच्या संशोधकांची रीत साधी आहे: लेपाची काच अर्धा टक्का हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये काही सेकंद बुडवायची. लेपावर सूक्ष्म खळगे पडतात.

सरांनी खटपट करून आम्हाला अशा काचेचे चारच तुकडे मिळवून दिले होते. पंधरा, तीस आणि पंचेचाळीस सेकंदांचे तीन नीट झाले. काच दुधाळ होत गेली. चौथा साठ सेकंदांचा, माझ्याकडे. नेमका फोन आला. परतलो तेव्हा चार मिनिटं झाली होती आणि काच पुन्हा स्वच्छ दिसत होती! मल्टिमीटर लावला, वीज वाहतच नव्हती. सगळा लेप विरघळला होता.

पार्टनर म्हणाला, “अंदाजाने आकडा टाकू.” मोह मलाही झाला. पण सर म्हणाले, “जे झालं ते लिहा.” आम्ही लिहिलं.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं. “का झालं असं?” तेव्हा आम्हाला सांगता आलं: खळगे वाढले की प्रकाश जास्त विखुरतो, पण लेप झिजून विजेला अडथळाही वाढतो. खळगे फार तीव्र उताराचे झाले, तर वरच्या सिलिकॉनमध्ये भेगा पडतात. मधलं कुठेतरी थांबावं लागतं.

पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो. तिथे चूक झाली तर मागे जाता येतं. ती काच मात्र अजून कपाटात आहे. रविवारी भाची बघायला येणार आहे.