चष्मा तांदळाच्या डब्यात सापडतो तेव्हा...

फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात कपाटाची किल्ली, उशीच्या अभ्र्यात पासबुक, तांदळाच्या डब्यात चष्मा. घरात डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेले आई किंवा बाबा असतील, तर यातलं काहीतरी तुम्हालाही सापडलं असेल. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढचे सुमारे 88 लाख लोक या आजारासोबत जगत आहेत. तेव्हा ही शोधाशोध फक्त तुमच्याच घरात चालू नाही.

वस्तू तर आपणही हरवतो. पण आपल्याला मागे जाऊन आठवता येतं. दार उघडलं, पिशवी ठेवली, फोन वाजला, मग किल्ली कुठे गेली? अल्झायमरमध्ये मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला लवकर इजा होते आणि नव्या आठवणी साठवण्यात त्याचाच मोठा वाटा असतो. म्हणजे किल्ली कुठे ठेवली हे आई विसरते असं म्हणण्यापेक्षा, अनेकदा त्याची नोंदच होत नाही. म्हणून "आठव बघू, कुठे ठेवलीस?" असं दहा वेळा विचारून हाती काही लागत नाही. ती फक्त जास्त कावरीबावरी होते.

यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे आळ. बांगड्या दिसत नाहीत, आपण हलवल्याचं आठवत नाही, मग त्या कुणीतरी नेल्याच असणार! तिच्या बाजूने पाहिलं तर हा तर्क चुकीचा नाहीच. बहुतेक वेळा नाव येतं कामवाल्या मावशींचं, नाहीतर सुनेचं. अशा वेळी "कुणी नाही नेलं, तूच ठेवलंस" म्हणू नका आणि "हो, त्यांनीच नेलं असेल" असंही म्हणू नका. "बांगड्या दिसेनात म्हणून घाबरलीस ना? चल, आपण दोघी मिळून शोधू," एवढं पुरतं. मावशींना मात्र आजाराबद्दल आधीच, आईच्या मागे, नीट समजावून सांगा. बिचाऱ्यांच्या रोजीरोटीचा आणि अब्रूचा प्रश्न असतो. अर्थात प्रत्येक तक्रार आजाराच्या खात्यावर टाकू नका. वृद्धांना खरोखर फसवणारेही असतात, तेव्हा एकदा स्वतः खात्री करून घ्या.

वस्तू सापडली की "बघ, इथेच तर होती!" हे वाक्य गिळून टाका. "सापडल्या बाई!" म्हणून विषय संपवा.

शोधायचं कुठे? आईच्या जुन्या सवयी आठवा. त्या पिढीतल्या कित्येक बायकांनी घरखर्चातून वाचवलेले पैसे डाळीच्या डब्यात, साड्यांच्या घड्यांत, देवघराच्या खणात ठेवले. आता लपवताना हात त्याच जागी जातो. बाबांचं असेल तर शर्टाचे खिसे, जुन्या डायऱ्या, गादीखाली. एकदा सापडलेली जागा बहुधा पुन्हा वापरली जाते, म्हणून अशा जागांची यादी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून ठेवा. आणि कचऱ्याचा डबा रिकामा करण्याआधी रोज एकदा चाळून बघा. कवळी किंवा कानाचं यंत्र कागदात गुंडाळून टाकलं जातं आणि ते पुन्हा घ्यायचं तर खर्च मोठा.

रोजच्या वस्तूंची जागा ठरवा आणि बदलू नका. दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा नाही. बंद डब्यांऐवजी पारदर्शक बरण्या, खणांवर मोठ्या अक्षरांत नाव आणि चित्र. तुम्ही बंगळुरूत किंवा इंदूरला राहत असलात आणि मुलं घरात इंग्रजी वाचत असली, तरी आईसाठीची चिठ्ठी तिच्या मराठीतच लिहा. चष्मा त्याच फ्रेमचा आणखी एक करून ठेवा, किल्ल्यांच्या दोन-तीन जोड्या ठेवा. किल्लीला ब्लूटूथ टॅगही लावता येतो, फक्त त्यातला बटणासारखा सेल गिळला गेला तर धोका मोठा, त्यामुळे झाकण घट्ट आहे ना ते पाहा. खरे दागिने, ठेवींच्या पावत्या आणि औषधं मात्र कुलपात. तिच्या पर्समध्ये दहा-वीसच्या थोड्या नोटा राहू द्या. पर्स रिकामी दिसली की तिला पुन्हा चोरीच आठवते.

हा गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर डॉक्टरांना दाखवा. लघवीच्या संसर्गानं किंवा नव्या औषधानंही असं होतं. अजून निदानच झालं नसेल, तर बी12 आणि थायरॉइडच्या तपासणीबद्दलही विचारा, कारण त्यांच्या कमतरतेनंही विसराळूपणा येऊ शकतो. मदत किंवा माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठीची सरकारी एल्डरलाइन आहे, नंबर 14567.

आणखी एक गोष्ट करून बघा. काही जणांना दिवसभर काहीतरी उचकत, आवरत बसावंसं वाटतं. त्यांना एक खण पूर्ण देऊन टाका. हातरुमाल, जुनी पर्स, लोकरीचे गुंडे, लग्नपत्रिका, ज्यांची कुलपं कधीच गेली अशा किल्ल्या. सेफ्टी पिना, गोळ्या आणि सेल तेवढे त्यात नकोत.